शेपटीतून येणारे टोले

पास्कूमेस्त्रींनी माझा सतरावा रिव्हेट ड्रिलने उडवला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी हातातली डॉली तिथेच टाकली, विमानाच्या शेपटीतून गुडघ्यांवर रांगत मधल्या दारापर्यंत आले, शिडीवरून उतरले आणि विमानाला अर्धा वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. केसांतून घाम गळत होता, कोपर खरचटलं होतं, आणि समोर हा माणूस शांतपणे फडक्याने ड्रिलचं टोक पुसत होता.

“मेस्त्रीनू, ह्यो कित्याक काढलास?”

“तीन इले,” ते म्हणाले.

“मी एकच दिलंय!”

“तू एक दिलं असशीत. माझ्या हातार तीन इले.”

त्यांनी डावा तळवा माझ्यासमोर धरला. जणू आलेले तिन्ही तिथे लिहिलेलेच होते.

हे भांडण कशाचं, ते आधी सांगते. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेर, हवेची गन घेऊन. दुसरा आत, मुठीएवढा पोलादी ठोकळा रिव्हेटच्या मागे दाबून धरून. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. बाहेरच्याने गन चालवली की रिव्हेटचं आतलं टोक डॉलीवर चेपतं आणि बटणासारखं बसतं. ते कसं बसलं हे बाहेरच्याला दिसत नाही. मधे पत्रा असतो, वर गनचा कानठळ्या बसवणारा आवाज. म्हणून आतला माणूस डॉलीनेच पत्र्यावर टोला देतो. एक टोला म्हणजे झकास, पुढे चल. दोन म्हणजे अजून थोडं मार. तीन म्हणजे बिघडलं, काढून टाक. आतून आलेल्या टोल्यावर बाहेरच्याने वाद घालायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम.

पास्कूमेस्त्री पासष्टीच्या आसपासचे होते आणि ठार बहिरे नसले तरी त्याच वाटेवर होते. टोला ते कानाने ऐकत नसत. डावा तळवा पत्र्यावर सपाट ठेवून तो घेत. मी तेवीस वर्षांची होते. आयटीआयमधून पत्राकामाचा कोर्स केलेली आमच्या बॅचमधली एकुलती एक मुलगी. सगळ्या वर्कशॉपांनी मला टायपिंग शिकण्याचा सल्ला देऊन परत पाठवलं होतं. इथे मला घेतलं ते माझ्या गुणांवर नव्हे, अंगकाठीवर. विमानाच्या शेपटीत शिरू शकेल इतकं बारीक माणूस त्यांना हवं होतं.

विमान म्हणजे उडती होडी. पाण्यावर उतरणारं, पाण्यावरून उडणारं, पोट होडीचं आणि वर पंख. लढाईच्या काळात, चव्वेचाळीस साली, ते पाटखोलच्या खाडीत उतरलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. लष्कराने इंजिनं काढून नेली. त्रेचाळीस वर्षं गावाने त्यात जाळी ठेवली, कोंबड्या ठेवल्या, आतून डांबर फासलं. मग बेहेरेसाहेब आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, पुण्याचे. त्यांनी एक ट्रस्ट काढला, खाडीच्या काठावर शेड बांधली आणि दोन वर्षांत त्या सांगाड्याला पुन्हा विमानाचं रूप आणलं. उडवायचं नव्हतं. इंजिनं सुरू करून खाडीत एक फेरी मारायची आणि मग संग्रहालयात कायमचं ठेवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या फेरीत मी असणार होते. पाण्यावर असताना शेपटीचं पाणबंद दार लावून घ्यावं लागतं, आणि आत कुठे पाणी झिरपतं का हे बघायला एका माणसाला दाराच्या पलीकडे बसावं लागतं. बेहेरेसाहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं होतं. आमच्या गाबितवाड्यात, मासेमारांच्या वस्तीत, तोवर कुणी विमानाला हातही लावला नव्हता. पण आधी तीन महिन्यांची परीक्षा. काम पास झालं तर नोकरी कायम आणि फेरीत जागा, नाहीतर टायपिंग.

आणि हा म्हातारा माझे रिव्हेट उडवत सुटला होता.

बेहेरेसाहेबांना मी सरळ जाऊन सांगितलं. ते बॅटरी आणि दांडीला लावलेला आरसा घेऊन आले, अर्धे शेपटीत घुसले, उरलेले रिव्हेट आतून बघितले, धापा टाकत बाहेर आले.

“रिव्हेट उत्तम आहेत,” ते म्हणाले. “मेस्त्री, हिच्या कामात मला तरी दोष दिसत नाही.”

“माका पण दिसणा नाय,” पास्कूमेस्त्री म्हणाले. “पण तीन इले.”

बेहेरेसाहेबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हणजे, वय झालंय, सांभाळून घे.

मी सांभाळून घेतलं नाही. मला खात्री होती की बाईमाणसाने डॉली धरलेली त्यांना खपत नाही आणि ते मला घालवायला बघतायत. पण एक गोष्ट मलाही खटकत होती. शेपटीत मी जवळजवळ चारशे रिव्हेट धरले होते. त्यांतले मेस्त्रींनी काढलेले सगळे एकाच जागचे होते, डाव्या तळाला, जुन्या ठिगळाच्या कडेने.

हे ठिगळ बेहेरेसाहेबांचं फार लाडकं. लढाईच्या वेळी विमानाचं पोट खडकावर फाटलं, तेव्हा इथल्याच गावच्या मेस्त्र्यांनी हाताने कापून बसवलेला तो पत्रा. कडा वाकड्यातिकड्या, पण घट्ट. “जुनं जे जे धड आहे, ते राहिलंच पाहिजे,” असं बेहेरेसाहेब आलेल्या-गेलेल्याला सांगत. “सगळं नवं घातलं तर ते विमान कसलं? ती विमानाची नक्कल झाली.” म्हणून ते ठिगळ आम्ही तसंच ठेवलं होतं. नुसते त्याच्या कडेचे गंजलेले रिव्हेट काढून नवे घालायचे होते. तेच हे रिव्हेट.

दुसरी खटकणारी गोष्ट जरा चमत्कारिक होती, म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही. सोमवारी भांडण झालं साडेनवाच्या सुमाराला. मंगळवारी सव्वादहाला. बुधवारी अकरा वाजून गेल्यावर. मी खाडीकाठची पोर, रोज पाऊण तासाने उशिरा येणारी एकच वस्तू मला ठाऊक होती, भरती. पाणी भरायला लागलं की पास्कूमेस्त्रींच्या हातावर तीन येत. ओहोटीला मी धरलेला एकही रिव्हेट त्यांनी काढला नाही.

गुरुवारी मी त्यांना पकडायचं ठरवलं.

दुपारचे बारा. शेडचे पत्रे तापून तडतडत होते. शेपटीच्या आत डांबराचा वास आणि इतका उकाडा की डॉली हातातून निसटत होती. बाहेरून गन वाजली, रिव्हेट माझ्या हाताखाली चेपला, बसला. आणि मी टोला दिलाच नाही. डॉली मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात वर करून बसले, जणू कुणी बघतंय. म्हटलं, बघू आता काय सांगतात.

एक, दोन, तीन, चार असे श्वास मोजले. मला काही ऐकू आलं नाही. मात्र ज्या पत्र्याला माझी पाठ टेकली होती तो पत्रा थंड लागला. भर बारा वाजता, तापलेल्या शेडमध्ये, माठासारखा थंड. आणि खाडीच्या पाण्याचा वास आला, गढूळ, खारट.

मग ड्रिल सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रिव्हेट गरगर फिरत निघून गेला.

मी खाली उतरले ती ओरडतच. “आता मी एक पण दिलंय नाय! हात वर करून बसलंय मी!”

पास्कूमेस्त्रींचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. मला वाटलं होतं, चोरी पकडल्यासारखे ते खजील होतील. ते घाबरलेले होते.

“तू हात वर केलेलंस?” त्यांनी हळूच विचारलं.

“होय.”

“तरी तीन इले.” त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि गन खाली ठेवली.

“तुमी आत जावा,” मी म्हटलं. “मी भायर उभी रवतंय. बघूया माझ्या हातार किती येतत ते.”

“मी आत जावचंय नाय.”

“कित्याक? जागा पुरणा नाय? मी सरकून दितंय!”

“मी त्या शेपटीत जावचंय नाय,” ते पुन्हा म्हणाले. आवाज इतका बारीक की आता मलाच कान पुढे करावा लागला. मी मात्र त्यांना नको ते बोलले. भित्रे म्हटलं, म्हाताऱ्यांनी घरी बसावं म्हटलं. आज ते आठवलं की तोंडात कडू येतं.

शेवटी बेहेरेसाहेबांनी निकालाची तोड काढली. उरलेले रिव्हेट शुक्रवारी सकाळीच मारून घेतले. ओहोटी होती आणि पास्कूमेस्त्रींनी एकही काढला नाही. सांध्यांवर लुकण, म्हणजे पाणी अडवणारा लेप, भरलं. शनिवारी पाण्याची चाचणी. ती पास झाली तर वाद संपला.

ही चाचणी म्हणजे आमच्यासारख्या होडीवाल्यांना गंमतच. आपण जन्मभर होडीतलं पाणी बाहेर उपसतो. इथे बाहेरचं पाणी आत ओततात. होडी जमिनीवरच, ठोकळ्यांवर उभी असते. तिच्या पोटात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि बाहेरून, खालून बघायचं, कुठे थेंब फुटतो का. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचंही आत जाणार नाही.

विहिरीवरचा पंप सकाळी आठला सुरू केला. आधी पुढचे कप्पे, मग शेपटी. बेहेरेसाहेबांनी पोटाखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती, कारण कोरड्या कागदावर थेंब लपत नाही. एक वाजेपर्यंत शेपटी खुणेपर्यंत भरली. मी वरच्या झाकणातून डोकावून बघितलं. ज्या जागी मी महिनाभर बसत होते तिथे छातीइतकं काळं पाणी होतं आणि त्यात माझं तोंड.

बेहेरेसाहेब हातात खडू घेऊन वाकून वाकून फिरले. दोनदा फिरले. खडूची एकही खूण करावी लागली नाही. वर्तमानपत्रं कडकडीत कोरडी.

“पास!” ते म्हणाले, आणि खडू वर उडवून झेलला. “शालन, अभिनंदन. आजपासून तू कायम. सोमवारी खाडीत उतरवू. शेपटीत तू.”

मी हसले की रडले ते आठवत नाही. दोन्ही असेल. मग बेहेरेसाहेब पास्कूमेस्त्रींकडे वळले आणि मोठ्याने, पण मायेने म्हणाले, “मेस्त्री, खूप केलंत तुम्ही. आता विश्रांती घ्या. गन यापुढे शालनकडे राहील.”

पास्कूमेस्त्रींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते ठिगळाजवळ उभे होते, डावा तळवा पत्र्यावर ठेवून. बाहेर खाडी भरत होती. साहेब ऑफिसच्या खोलीत फोन करायला गेले. मेस्त्रींनी मान वळवून मला बोलावलं, नुसत्या डोळ्यांनी. माझं मन जिंकलेल्या माणसासारखं मोठं झालं होतं, मी गेले. त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरला आणि ठिगळावर सपाट टेकवला.

पत्रा गार होता. पलीकडे पाणी होतं, तेव्हा गार असणारच. मी हात काढून घेणार, इतक्यात—

टक. टक. टक.

कानाने मी काहीच ऐकलं नाही. तळव्याच्या बरोबर मध्यावर, आतून, लोखंडाने दिलेले तीन टोले. सावकाश, नीट अंतर ठेवून, कामाला बसलेला माणूस देतो तसे. आत छातीइतकं पाणी होतं. झाकण मी स्वतः लावलं होतं.

पास्कूमेस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. “किती?” त्यांनी विचारलं.

मी तळवा तसाच दाबून धरला. पुन्हा तेच तीन. मग जरा थांबून आणखी तीन. सगळ्यात जास्त मला कशाची भीती वाटली असेल, तर ती माझी. कारण त्या टोल्यांचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

रिव्हेट नीट बसला की पत्रा टणक वाजतो. डॉली धरलेल्या हाताला ते लगेच कळतं. त्या ठिगळाच्या कडेला पत्रा बद्द वाजत होता, फुटक्या मडक्यासारखा. पहिल्याच रिव्हेटला मला ते कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं, डांबर असेल, जुनं ठिगळ आहे, असंच वाजणार. तीन दिले तर काम अडेल. परीक्षेच्या काळात काम अडवणारी पोर म्हणून मला घालवतील. म्हणून मी एक दिला. देवाशप्पथ मी एकच दिला होता, आणि तो प्रत्येक वेळी खोटा होता. माझ्या जागी दुसरं कुणीतरी खरं सांगत होतं.

“तीन,” मी म्हटलं.

पास्कूमेस्त्रींनी माझा हात सोडला. ते ड्रिलकडे गेले नाहीत, मला काही करायला सांगितलं नाही. नुसते बाजूला सरकले आणि जागा करून दिली.

मला पळून जावंसं वाटलं. सोमवार दिसत होता, खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं, आणि माझे बाबा त्यांत. मी ड्रिल उचललं आणि माझ्याच पास झालेल्या पहिल्या रिव्हेटच्या डोक्यावर टोक टेकवलं.

पहिल्या भोकातून पिचकारी उडाली. दुसऱ्यातून. पाचव्या-सहाव्यापर्यंत मी पोटापर्यंत भिजले होते आणि बेहेरेसाहेब धावत येत ओरडत होते, “अगं ए! वेडी झालीस का? काय करतेस? थांब!”

“तीन आले, साहेब,” मी म्हटलं. “मी खोटा टोला दिला होता. इथला पत्रा बद्द वाजतो. मला माहीत होतं.”

“पण एक थेंब गळला नाही!”

“गळायचा नाही. लुकणाने धरलंय.”

त्यांनी माझा हात धरला तोवर ठिगळाची खालची कड सुटली होती. आतल्या पाण्याच्या भाराने ते ठिगळ एखाद्या दारासारखं उघडलं आणि सगळं पाणी आमच्या पायांवर कोसळलं. वर्तमानपत्रं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर बेहेरेसाहेब गुडघ्यांवर बसले, त्यांनी बॅटरी लावली आणि आत उजेड टाकला.

ठिगळाखाली, मूळ पत्रा आणि होडीचा कणा यांच्या मधे, आतून किंवा बाहेरून कुणालाही न दिसणारी एक चीर होती. खडकाने पाडलेली जुनी चीर. ती ठिगळापाशी संपत नव्हती. कण्यातून आरपार जाऊन पलीकडे हातभर गेली होती. स्थिर पाण्यात ती काहीही बोलली नसती. इंजिनं लावून लाटेवर एकदा पोट आपटलं असतं की शेपटी केळीच्या सोपटासारखी उलगडली असती. शेपटीत मी, आणि दार बंद.

“सोमवार रद्द,” बेहेरेसाहेब म्हणाले. मला वाटलं आता माझं नाव निघेल. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “आधी का नाही बोललीस?” ते उठले, ओल्या विजारीने ऑफिसकडे गेले आणि सोमवारसाठी बोलावलेल्या पाहुण्यांना एकेक करून फोन करत बसले.

पास्कूमेस्त्री शेडबाहेर वाळूवर टेकले होते. ऊन उतरायला लागलं होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माफी मागायची होती. ते आपणहून बोलायला लागले.

“ता ठिगळ आमी बसवलेला. मी नि इनास. इनास माझो थोरलो भाव. अंगान बारीक, म्हणान तो आत गेलो, मी भायर रवलंय.”

लष्कराच्या कुणा मेकॅनिकने त्या दोघा भावांना डॉली कशी धरायची आणि टोले कसे द्यायचे ते एका सकाळीत शिकवलं होतं. एका ओहोटीत काम पुरं करायचं होतं. विमान वाळूच्या दांड्यावर कलतं ठेवलेलं. शेवटच्या रांगेला इनासने आतून तीन दिले.

“मी गोऱ्या सायबाक सांगलंय. सायबान घड्याळ दाखवल्यान नि खाडीकडे बोट केल्यान. भरती चढी होती. मगे मी फुडचो रिवेट मारलंय. तो तीन देत गेलो, नि मी मारीत गेलंय.”

काठावर कुणीतरी होडी ओढत होतं. पास्कूमेस्त्री तिकडे बघत राहिले.

“विमान पाण्यार इला. इनास आतच रवलो, पाणी बघूक. सायबान सांगल्यान, दार लाव. दार मीच लावलंय.”

खाडीच्या मध्यावर, पहिल्याच धावेत ठिगळाची कड सुटली आणि पोट उघडलं. शेपटी आधी बुडाली. पुढचा भाग तरंगत होता म्हणून सगळं धूड तिथेच अडकून राहिलं. आत पाण्याचा दाब होता, दार उघडेना. पास्कू छोट्या होडीतून शेपटीपाशी पोचले आणि पत्र्यावर हात ठेवला.

“तीन,” ते म्हणाले. “किती येळ तां माका सांगूक येवचा नाय. तीन, नि तीन, नि तीन. मगे थांबले.”

पुढे लष्कराने विमान काठावर ओढलं आणि ती कड पुन्हा ठोकून बसवली. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण त्यांच्यासमोर कुणी कधी काढली नव्हती. माझं गाव तीस मैल उत्तरेला, मला कोण सांगणार. मी विचारलं, मग त्याच विमानावर काम करायला तुम्ही आलात कसे?

“दुसरो कोणय भायर उभो रवलो असतो,” ते म्हणाले, “तर त्येणा आयकला नसता.”

बेहेरेसाहेबांनी मला काढलं नाही. खोटा टोला दिल्याबद्दल शेडमधल्या सगळ्यांसमोर असं झापलं की ते मला अजून पाठ आहे, आणि मग म्हणाले, उद्या आठ वाजता ये. कण्याचा चिरलेला भाग कापून नवा तुकडा जोडायला दीड महिना लागला. ते जुनं ठिगळ त्यांनी काढलं तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. आज ते संग्रहालयात काचेखाली आहे आणि चिठ्ठीवर दोघा भावांची नावं आहेत.

नवा पत्रा बसवायच्या दिवशी मी नेहमीसारखी शिडी चढायला लागले, तर पास्कूमेस्त्रींनी मला मागे ओढलं. त्यांनी वहाणा काढल्या, शिडीला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्या हातातली डॉली घेतली. “गन तू घे,” म्हणाले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, ते पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदाच त्या शेपटीत शिरले. सरपटत जातानाचा त्यांचा आवाज मला पत्र्यातून कळत होता. मधे ते बराच वेळ थांबले. मग पुन्हा सरपटले.

भरती चढत होती. मी मुद्दाम वेळ बघून ठेवली होती.

मी डावा तळवा पत्र्यावर टेकवला आणि पहिला रिव्हेट मारला. एक टोला. दुसरा मारला. एक. पास्कूमेस्त्रींचा टोला जड होता, एकदा दिला की दिला. मधे एकदा दोन आले, मी अजून मारलं, मग एक आला. एकदा तीन आले, मी काढला, नवा घातला. तेही त्यांचेच होते, रिव्हेट खरंच वाकडा गेला होता. दुपार कलली, बोटं बधिर झाली, आणि शेवटचा रिव्हेट उरला.

तो मारला. गन थांबवली. तळवा टेकवून उभी राहिले.

एक टोला आला. जड, नेहमीचा.

आणि त्याच्या मागोमाग, जरा खालच्या बाजूने, दुसरा. हलका, चटकन दिलेला.

दोन म्हणजे अजून मार. मी गन उचलली. पण दिवसभर एकाच हाताचे टोले तळव्यावर घेतलेल्या माणसाला ते ओळखू येतात. हे एका हाताचे नव्हते, दोघांचे एकेक होते. मी गन जमिनीवर ठेवली आणि तिसरा येतो का म्हणून किती तरी वेळ तशीच उभी राहिले. तिसरा आला नाही. हाताखालचा पत्रा उन्हाने तापलेला होता, कुठल्याही पत्र्यासारखा.

पास्कूमेस्त्री उतरले तेव्हा डांबराने काळे झाले होते. शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “मी एक दिलंय. तुका किती इले?”

“दोन.”

“नि तू परत मारलंस?”

“नाय.”

त्यांनी डॉली मांडीवर ठेवली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडत होते.

“बरा केलंस,” ते म्हणाले.